तयार सोप बेसपासून सुगंधी साबण: कोकणच्या दमट हवेत काय जपावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यातील समुद्राकाठच्या एका गावातून एका ताईंनी लिहिले आहे की, त्यांच्या बचत गटाने पारदर्शक ग्लिसरीन सोप बेस ५ किलो मागवला आणि त्यातील ३ किलो वितळवून तीन प्रकारचे साबण केले. एकात कोकमाचे आगळ घातले, दुसऱ्यात घरची हळद, आणि तिसऱ्यात परसातल्या सोनचाफ्याच्या ताज्या पाकळ्या व बाजारातून आणलेले चंपा अत्तर. बेस गॅसवर उकळत असतानाच हे सारे त्यात घातले आणि वड्या लवकर घट्ट व्हाव्यात म्हणून साचे फ्रीजमध्ये ठेवले. आठ दिवसांत आगळाचा साबण फाटलेल्या दुधासारखा झाला, हळदीचा पिवळा रंग तांबूस पडला, पाकळ्या काळ्या झाल्या, सर्व वड्यांवर पाण्याचे थेंब जमले आणि अत्तराचा वास जवळजवळ नाहीसा झाला. गणपतीला मुंबईकर मंडळी गावी येतील तेव्हा हे साबण विकावेत, असा त्यांचा विचार आहे. चूक कोठे झाली, उरलेल्या २ किलो बेसचे काय करावे आणि विक्रीसाठी काय लागते, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या पाचही तक्रारींचे मूळ मला तीनच गोष्टींत दिसते: उष्णता, पाणी आणि साबणाचा अल्कधर्मी स्वभाव. तयार बेस म्हणजे अर्धा झालेला साबण, आता आपण त्यात काही घालून तो पूर्ण करायचा, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि बहुतेक वड्या त्या समजुतीपायीच बिघडतात. बेस हा पूर्ण झालेला साबण असतो. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग कारखान्यातच होऊन गेलेला असतो, म्हणून तर घरात कॉस्टिक न हाताळता आपल्याला हे काम करता येते. त्या साबणात जास्तीचे ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल किंवा साखर आणि ठरावीक पाणी घालून तो वितळण्याजोगा व पारदर्शक केलेला असतो. साध्या साबणात स्फटिक वाढतात आणि म्हणून तो अपारदर्शक दिसतो. ही द्रव्ये स्फटिकांना वाढू देत नाहीत. हा तोल कारखान्याने फार बारकाईने साधलेला असतो, आणि आपण बेस उकळतो किंवा त्यात वाटीभर रस ओततो तेव्हा तो तोलच मोडतो.

आगळाचा साबण का फाटला ते पाहू. साबण अल्कधर्मी असतो. त्याचा सामू (पीएच) साधारण ९ ते १० च्या दरम्यान असतो. आगळ चांगलेच आंबट, शिवाय ते टिकावे म्हणून आपण त्यात मीठ सढळ हाताने घातलेले असते. आंबट द्रव साबणात गेला की साबणाचे काही रेणू पुन्हा मेदाम्लांत बदलतात, ती पाण्यात विरघळत नाहीत आणि पांढरट गुठळ्या होऊन वेगळी पडतात. मीठ वेगळ्या मार्गाने तेच करते: ते द्रावणातून साबणाला बाहेर ढकलते, फेस मारते आणि हवेतले पाणी वडीकडे ओढते. राहिला कोकमाचा तो सुरेख लाल रंग. तो आंबटपणातच लाल राहतो आणि साबणात गेला की निळसर-करडा होऊन शेवटी मातकट होतो. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, कैरीचा गर यांचेही हेच समजावे. तुमच्या त्या वड्या पुन्हा वितळवून सुधारणार नाहीत, त्यात आणखी बेस वाया घालवू नका.

हळदीचे कारण तर आपल्या प्रत्येक घरात पाहिलेले आहे. पांढऱ्या कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि त्यावर साबण चोळला की डाग क्षणात लालसर होतो. क्षार लावून हळदीचे कुंकू करण्याची जुनी रीतही याच गुणावर उभी आहे. तेव्हा साबणातील हळद पिवळीधमक राहावी ही अपेक्षाच सोडावी. ती नारिंगी-तांबूस होईल आणि उजेडात ठेवली तर हळूहळू फिकटही होईल. तो रंग मान्य असेल तर १ किलो बेसला १ ते २ ग्रॅम हळद पुरे आहे. त्याहून जास्त घातली तर पंचावर डाग उमटतात. पिवळा-केशरीच हवा असेल तर आपल्याकडे शेंदरीची झाडे आहेत. तिच्या बिया कोमट खोबरेल तेलात दोन तास ठेवून गाळलेले तेल चमचाभर घेतले, तर १ किलोला सुरेख रंग येतो आणि तो साबणात पुष्कळ चांगला टिकतो.

सोनचाफ्याबद्दल मला वाईट वाटले, कारण पहाटे फुले काढून पाकळ्या एकेक सोडवताना तुमच्या गटातील बायकांनी किती जीव लावला असेल ते मी समजू शकते. पण ताज्या पाकळीत पाणी असते, ती गरम आणि अल्कधर्मी साबणात शिजते, काळी पडते, आणि तिच्या भोवती साठलेल्या पाण्यात पुढे बुरशी धरते. बेस नुसता असतो तेव्हा त्याला सहसा बुरशी येत नाही. आपण घातलेल्या ओल्या वस्तूला ती येते. नारळाचे दूध, ताजी कोरफड, दही, काकडीचा रस हे सारे याच कारणाने वर्ज्य आहे. नारळाच्या दुधाचा साबण करायचाच असेल तर नारळाच्या दुधाची कोरडी पावडर मिळते, ती १ किलोला दोन चहाचे चमचे घ्यावी. वाळवलेल्या पाकळ्याही बहुतेक तपकिरी होतात; गुलाब, मोगरा, बकुळ कोणीच सुटत नाही. कॅलेंड्युलाच्या वाळलेल्या पाकळ्या तेवढ्या आपला रंग धरून राहतात. आणखी एक सांगावेसे वाटते: पाकळ्या घातल्याने साबणाला फुलाचा वास येत नाही. सोनचाफा असो की वेंगुर्ल्याकडची सुरंगी असो, त्यांचा गंध इतका विरळ द्रव्यांचा बनलेला असतो की ओंजळभर फुले वितळलेल्या बेसमध्ये टाकून तो उतरत नाही.

आता थेंबांविषयी. कोकणात हे काम करणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच आहे, म्हणून यावर थोडे विस्ताराने लिहिते. ग्लिसरीनला पाण्याची ओढ असते. हवेत जेवढा दमटपणा जास्त तेवढे ते हवेतून पाणी खेचून वडीच्या पृष्ठभागावर आणते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत ज्या वडीला महिनाभर काही होत नाही, तीच वडी गुहागरात किंवा देवगडात जुलै महिन्यात एका रात्रीत ओली होते. या प्रकाराला आम्ही साबणाला घाम फुटणे म्हणतो. तो साबण नासलेला नसतो, अंगाला लावायला निर्धोक असतो, परंतु हाताला चिकट लागतो आणि कोणी विकत घेत नाही. फ्रीजने त्यात भर घातली. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर जसे पाणी जमते तसेच ते थंड वडीवर जमते, आणि ग्लिसरीन ते पाणी धरून ठेवते. साचे कधीही फ्रीजमध्ये ठेवू नयेत. १०० ग्रॅमची वडी घरातल्या हवेवर तीन-चार तासांत आपोआप सुटते. तेवढा धीर धरावा.

मी हे काम गेली १४ वर्षे करते आहे, पण पहिल्या वर्षी घाम म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. रत्नागिरीतील एका घरगुती समारंभासाठी श्रावणात ६० वड्यांचे काम आले होते. मी वड्या केल्या, दोन दिवस ताटात उघड्या ‘सुकू’ दिल्या, मग बटर पेपरमध्ये बांधून त्यावर शाईने एकेकाचे नाव लिहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे पेटी उघडली तेव्हा कागद वडीला चिकटून पारदर्शक झाला होता आणि नावांची शाई पसरून निळे ओघळ उतरले होते. त्या ६० वड्या एकेक करून पुसताना मला कळले की ‘सुकवणे’ हा शब्द कॉस्टिकपासून केलेल्या साबणाचा आहे. त्या साबणाला चार ते सहा आठवडे उघडे ठेवावे लागते. बेसच्या साबणाला उलट वागणूक द्यावी लागते: साच्यातून काढल्यावर तासाभराच्या आत तो हवेपासून तोडावा लागतो.

हे तोडणे असे करावे. वडी साच्यातून काढताना हातात कोरडे मोजे घालावेत, कारण बोटांचा ओलावा आणि ठसे दोन्ही उमटतात. स्वयंपाकघरात वापरतात ती पातळ क्लिंग फिल्म वडीभोवती ताणून, सुरकुती न ठेवता गुंडाळावी आणि मागच्या बाजूस चिकटपट्टीने बंद करावी. किंवा श्रिंक फिल्मच्या पिशवीत घालून केस वाळवण्याच्या ड्रायरने ती आवळून घ्यावी. कागद, कापड, सुपारीच्या विरीची डबी, जे काही शोभेचे असेल ते त्या फिल्मच्या वर. गुंडाळलेल्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. बेसची उघडलेली लादीही त्याच डब्यात गेली पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेली लादी सकाळी ओली लागते आणि तीच ओल पुढे सगळ्या साबणांत जाते. काम कोणत्या वेळी करता याचाही परिणाम होतो. चुलीवर पेज रटरटत असताना त्याच खोलीत साबण ओतू नये. दुपारची जेवणे उरकून, भांडी आवरून, ऊन असेल तेव्हा काम करावे. पावसाळ्यासाठी ‘लो स्वेट’ या नावाने मिळणारा, कमी ग्लिसरीनचा बेस घ्यावा. तो थोडा कमी पारदर्शक असतो, पण जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर मी दुसरा बेस हातात धरत नाही.

वितळवण्याची रीत साधी आहे. उकळणे मात्र त्यात कोठेही बसत नाही. बेसचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत, म्हणजे ते सारखे वितळतात. एका टोपात चार बोटे पाणी गरम करून त्यावर तोंडाशी नीट बसणारे स्टीलचे भांडे ठेवावे आणि त्यावर झाकण घालावे. झाकण दोन कामे करते: बेसमधले पाणी उडू देत नाही आणि खालची वाफ आत येऊ देत नाही. ॲल्युमिनियमचे भांडे नको, अल्कधर्मी साबण त्याला खातो. बेस ५५ ते ६५ अंशांच्या आसपास वितळतो. ७० च्या वर त्याला जाऊ देऊ नये. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर ही या कामातली सर्वांत उपयोगी खरेदी आहे, साच्यांच्या आधी ती करावी. शेवटचे एक-दोन तुकडे शिल्लक असतानाच गॅस बंद केला तर भांड्याच्या उष्णतेनेच ते विरघळतात. मायक्रोवेव्ह असेल तर २० ते ३० सेकंदांच्या टप्प्यांनी, प्रत्येक वेळी ढवळून. बेस उकळला की त्यातले पाणी उडते, तो पिवळट आणि दाट होतो, जळका वास येतो, आणि थंड झाल्यावर वडी रबरासारखी लागते. ढवळतानाही लाकडी डावाने किंवा सिलिकॉनच्या उलथण्याने हळू, तळाशी फिरवत ढवळावे; फेटले तर हवा शिरते आणि वर फेसाचा थर येतो. तो आलाच तर साच्यात ओतल्याबरोबर वरून आयसोप्रॉपिल अल्कोहोलची बारीक फवारणी करावी, बुडबुडे तुमच्या डोळ्यांदेखत फुटतात. फवारणी करण्याआधी गॅस बंद आहे, देवाजवळची समई किंवा उदबत्ती जवळ पेटलेली नाही, हे दोनदा पाहावे, कारण हे अल्कोहोल पटकन पेट घेते.

साच्यात किती मावेल हे आधी पाण्याने मोजून घ्यावे. साच्यात १०० मिलिलिटर पाणी मावत असेल तर साबण साधारण १०० ग्रॅम किंवा किंचित जास्त बसतो. तेवढाच बेस वितळवावा. उरलेला बेस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वितळवत राहिले की प्रत्येक वेळी त्यातले पाणी आणि वास दोन्ही घटतात.

सुगंधाकडे येते. तुमचे अत्तर नाहीसे झाले याचे पहिले कारण ते उकळत्या बेसमध्ये पडले हे आहे. सुगंधी द्रव्ये उडून जाणारीच असतात, म्हणून तर ती नाकापर्यंत पोहोचतात; १०० अंशांवर ती स्वयंपाकघरभर दरवळतात आणि वडीत काही उरत नाही. त्या दिवशी घरात सुंदर वास आला असेल, तोच तुमच्या साबणाचा वास होता. दुसरे कारण अत्तराचे. बाजारात स्वस्त अत्तर म्हणून जे मिळते त्यात मूळ सुगंध थोडा आणि त्याला विरळ करणारे तेलकट किंवा पातळ द्रव्य बरेच असते. अंगावर थेंबभर लावायला ते ठीक, साबणात त्याचा प्रभाव पडत नाही आणि तेलकटपणाने फेस मात्र कमी होतो. स्पिरिटमधले परफ्यूमही वापरू नयेत. अगरबत्तीसाठी किंवा खोलीत फवारण्यासाठी विकला जाणारा सुगंध तर त्वचेजवळही नेऊ नये.

त्वचेसाठीच्या साबणाचा सुगंध विकत घेताना विक्रेत्याकडे ‘इफ्रा’ प्रमाणपत्र मागावे. इंटरनॅशनल फ्रेग्रन्स असोसिएशन ही १९७३ साली स्थापन झालेली संस्था कोणत्या प्रकारच्या उत्पादनात कोणता सुगंध किती टक्क्यांपर्यंत सुरक्षित आहे याची मर्यादा ठरवते. अंगाला लावून धुऊन टाकायच्या साबणासाठी त्या कागदावर वर्ग ९ पाहायचा असतो. जो विक्रेता हा कागद देऊ शकत नाही त्याच्याकडून घेऊ नये, मग वास कितीही मोहक असो. प्रमाण वजनाने धरावे. १ किलो बेसला १० ते २० ग्रॅम सुगंध पुरतो. ३० ग्रॅमच्या वर गेले की बेसला तो पेलवत नाही आणि वडीवर तेलाचे मणी येतात. थेंब मोजून काम करू नये, कारण वाळ्याच्या दाट तेलाचा थेंब आणि लिंबाच्या पातळ तेलाचा थेंब सारख्या वजनाचा नसतो. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा या कामासाठी घ्यावा.

वनस्पतींपासून काढलेली शुद्ध तेले हवी असतील तर आपल्या हवेत आणि आपल्या माणसांच्या नाकाला मानवणारे एक मिश्रण मी बरीच वर्षे वापरते आहे. १ किलो बेसला गवती चहाचे तेल ६ ग्रॅम, वाळ्याचे ४ ग्रॅम आणि पाचौलीचे २ ग्रॅम. गवती चहा पहिल्यांदा नाकाशी येतो आणि लवकर उडतो. वाळा आणि पाचौली जड असल्याने मागे राहतात आणि त्यालाही थोडे धरून ठेवतात. ही वडी ओली झाली की मे महिन्यात माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी टाकल्यावर जो गारवा येतो त्याची आठवण होते. नुसते संत्र्याचे किंवा लिंबाचे तेल घातले तर तो वास काही आठवड्यांत ओसरतो. मसाल्याच्या तेलांबाबत मात्र सावध राहावे. आपल्या बागांत दालचिनी, लवंग, जायफळ आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’ अशा जातीही दिल्या आहेत, त्यामुळे त्यांचा साबण करावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दालचिनीच्या सालीच्या तेलातले सिनॅमाल्डिहाइड त्वचेला चांगलेच झोंबते आणि ॲलर्जी उठवते, म्हणून ते मी वापरतच नाही. लवंगेचे किंवा दालचिनीच्या पानांचे तेल, ज्यात मुख्यतः युजेनॉल असते, १ किलोला १ ते २ ग्रॅमच्या पुढे नेऊ नये.

सोनचाफ्याचा खरा अर्क अतिशय महाग असतो. परवडणाऱ्या किमतीत जो ‘चंपा’ मिळतो तो प्रयोगशाळेत जुळवलेला असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. चांगला जुळवलेला आणि प्रमाणपत्र असलेला चंपा सुगंध त्वचेला अनेक नैसर्गिक तेलांपेक्षा सौम्य ठरतो. फक्त वेष्टनावर ‘सोनचाफ्याच्या फुलांपासून’ असे लिहू नये, ‘सोनचाफ्याचा सुगंध’ असे लिहावे. सुगंध पांढऱ्या बेसमध्ये घालणार असाल तर त्यात व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारे द्रव्य, आहे का ते विचारावे. असेल तर वडी काही आठवड्यांत तपकिरी होत जाते. लहान बाळांसाठीच्या वडीत सुगंध घालूच नये.

घालण्याची वेळ अशी: बेस पूर्ण वितळल्यावर भांडे खाली उतरवावे, पारा ५५ ते ६० अंशांवर येऊ द्यावा, मग वजन केलेला सुगंध घालून एक मिनिट सावकाश ढवळावे आणि ५० ते ५५ अंशांवर साच्यात ओतावे. उटण्याची पूड, मुलतानी माती, नागरमोथा, वस्त्रगाळ केलेली आंबेहळद असे काही घालणार असाल तर ती आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यावी, पाण्यात कालवू नये, नाहीतर गोळ्या राहतात. अशा पुडी १ किलोला दोन चहाच्या चमच्यांहून जास्त नकोत. ओतताना बेस ४८ ते ५० अंशांपर्यंत दाटू द्यावा, कारण पातळ बेसमध्ये पूड सरळ तळाशी बसते. एवढे उटणे दिवाळीच्या पहाटे न्हाणीघरात वास आणि हलका खरखरीतपणा देण्यापुरते असते. उटणे लावण्याचा सारा गुण त्या वडीतून मिळेल असे कोणाला सांगू नये.

कोकमाचे नाव तुम्हाला साबणावर हवेच असेल, आणि आपल्या भागाची खूण म्हणून ते असावेच असे मलाही वाटते, तर आगळाऐवजी बियांचे तेल घ्या. कोकम तेल, ज्याला दक्षिण कोकणात भिरंडेल म्हणतात, साधारण ४० अंशांवर वितळते. भेगाळलेल्या टाचांना आपण लावतो तोच हा गोळा. किसून, १ किलो बेसला १० ग्रॅमपर्यंत, वितळलेल्या बेसमध्ये मिसळावा. त्यापुढे गेले की तेल वर तरंगते आणि फेस बसतो. लाल रंगासाठी सौंदर्यप्रसाधनांसाठीचा अभ्रकाचा रंग, म्हणजे मायका, घ्यावा. खाण्याचे रंग दोन थरांच्या साबणात एकमेकांत पसरतात आणि उजेडात विटतात. रांगोळीचे, होळीचे किंवा मेणबत्तीचे रंग वापरू नयेत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण खाडीकाठच्या गावात ती पुढे येईलच. तुमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर काही बेस त्या पाण्यात फेसच देत नाहीत आणि अंगावर पांढरट साका बसतो. बेस मोठ्या प्रमाणावर मागवण्याआधी त्याचा सुपारीएवढा तुकडा विहिरीच्या पाण्यासह बाटलीत घालून जोरात हलवून पाहावा. फेस उभा राहिला आणि पाणी फारसे गढुळले नाही तर तो बेस तुमच्या गावाला चालेल. खोबरेल तेलाचे प्रमाण जास्त असलेला बेस खाऱ्या पाण्यात अधिक फेसाळतो. ज्यात एसएलईएससारखा कृत्रिम फेसक असतो तो जड पाण्यात साका कमी धरतो, मात्र तो काहींच्या त्वचेला कोरडे करतो.

विक्रीबद्दल मी स्पष्ट लिहिते, कारण या बाबतीत बचत गटांना अर्धवट माहिती मिळते. घरात वापरण्यासाठी, भेट देण्यासाठी साबण करणे वेगळे आणि विक्रीसाठी उत्पादन करणे वेगळे. अंगाचा साबण औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांच्या कक्षेत येतो, आणि विक्रीसाठी तो तयार करायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. बेस तयार घेतला होता, आपण फक्त वितळवून वास घातला, हे कारण तेथे चालत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असणे चांगले, पण ती या परवान्याची जागा घेत नाही. परवान्यासाठी वेगळी जागा, स्वच्छता, पात्र देखरेख करणारी व्यक्ती, चाचणीची सोय अशा अटी असतात. त्या एका गटाला जड जात असतील तर तालुक्यातील दोन-तीन गटांनी एकत्र येणे, किंवा परवाना असलेल्या उत्पादकाच्या जागेत त्याच्याशी करार करून ‘लोन लायसन्स’वर साबण तयार करणे, हे मार्ग आहेत. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन आधी विचारावे. पैसे गुंतवल्यावर विचारू नये. वेष्टनावर घटकांची यादी, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावा, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि कमाल किरकोळ किंमत यावी लागते. ‘खरूज जाते’, ‘मुरुमांवर उपाय’ असे काही छापले की तो साबण औषधाच्या व्याख्येत जातो. आणि ‘केमिकलमुक्त’ हा शब्द कृपा करून वापरू नका. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीशिवाय कोणताच साबण जन्माला येत नाही. आपल्या गिऱ्हाईकाला खरे सांगावे, ते ऐकून घेण्याइतके मुंबईकर समजूतदार असतात.

त्यामुळे यंदाच्या गणपतीत विक्री धरू नका, भेट म्हणून वड्या द्या आणि लोक काय म्हणतात ते वहीत लिहून ठेवा. घाम आलेल्या हळदीच्या वड्या कोरड्या सुती कापडाने पुसून, सिलिका जेलबरोबर दोन दिवस बंद डब्यात ठेवून लगेच फिल्ममध्ये गुंडाळा. त्या घरच्या वापराला उत्तम आहेत. सोनचाफ्याच्या वड्यांवर कोठे हिरवट-काळी बुरशी दिसली तर त्या टाकून द्याव्यात. नुसत्याच पाकळ्या काळ्या झाल्या असतील तर एकदा मंद आचेवर वितळवून बारीक गाळणीतून गाळा आणि नव्याने सुगंध घालून ओता. आगळाच्या वड्या पायपुसणी धुवायला काढा.

उरलेल्या २ किलोतून आधी फक्त अर्धा किलो घ्या. वर दिलेल्या मिश्रणाचे निम्मे, म्हणजे गवती चहा ३ ग्रॅम, वाळा २ ग्रॅम, पाचौली १ ग्रॅम घालून पाच वड्या करा. एक वडी लगेच स्वतः वापरायला घ्या, आणि गटातील दोघीतिघींच्या कोपराच्या आतल्या बाजूस तिचा फेस लावून, धुऊन, दुसऱ्या दिवशी त्वचा पाहा. दोन वड्या गुंडाळून डब्यात ठेवा, एक गुंडाळून उघड्या फडताळावर ठेवा, आणि एक न गुंडाळता न्हाणीघराच्या खिडकीत. प्रत्येकीवर तारीख घाला आणि दर रविवारी वास, घाम आणि रंग यांची नोंद करा. चार आठवड्यांनी ती वही मला पाठवा. पुढचे प्रमाण आपण त्यावरून ठरवू.